शीतगृहातल्या काचा

आळे, ता. जुन्नर
८ एप्रिल २०२४

चि. वृषालीस,
आबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला फार उशीर झाला, आधी त्याची माफी मागतो. तू इंदूरला जाऊन महिना होत आला आणि मी आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. एकदा बसलो तर चष्म्याची काडी तुटली. ती बसवायला आळेफाट्याला गेलो तर दुकान बंद. खरं म्हणजे काय लिहावं तेच सुचत नव्हतं. फोनवर तुझं बोलणं मला ऐकू येत नाही. कानाला मशीन लावलं की नुसती शिट्टी वाजते. तू तिकडून एवढं बोलतेस आणि तुझी आई माझ्या कानाशी ओरडते, "ती बरी हाय म्हणती!" संपलं. म्हणून म्हटलं, पत्र बरं.

तुझी पेटी जागेवर आहे. जाताना सांगितलंस तशी गव्हाच्या पत्र्याच्या डब्यात, गव्हावर फडकं अंथरून ठेवली आहे. निम्म्या काचा तू नेल्यास, निम्म्या इथे ठेवल्यास. "आबा, सगळ्या एका जागी नकोत. उघडू नका, हलवू नका," म्हणालीस. मी उघडली नाही. हलवलीही नाही. पण तुझी आई शीला दळण काढायला आली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मी शेजारी उभा राहतो. परवा ती चिडली. "मामंजी, म्या काय काचा दळायला न्हेते का? बसा की तिकडं!"

एक विचारतो. तू पेटीत भरत होतीस तेव्हा मी एक काच पाहिली होती. तिच्यावर धुराची झाक आल्यासारखं दिसलं, बाकी काही नाही. गेणू चहाच्या टपरीवर विचारत होता, "धर्माजी, नात काय शिकती?" मी म्हणालो, "लेसरनं काचंवर कार्बनचा थर बसवती. कार्बन म्हंजी कोळसा." तर म्हणाला, "त्याला चार वर्सं लागत्यात व्हय राव? आमच्या चुलीमागं लई बसलाय. यिऊन खरवडून घिऊन जा म्हणावं." सगळे हसले. मी सातवी झालेला माणूस. मला कळेल असं लिही, म्हणजे त्याचं तोंड बंद करता येईल.

जेवणाची आबाळ करू नकोस. रात्री एकटी फिरू नकोस.

तुझे आबा


इंदूर
१८ एप्रिल २०२४

ती. आबांना,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. इथल्या मैत्रिणीला वाचून दाखवलं. गेणूकाकांचं ऐकून ती इतकी हसली की चहा सांडला.

गेणूकाकांना सांगा, चुलीमागची काजळी बोटाने पुसली जाते. माझा थर चाकूने खरवडला तरी निघत नाही. वस्तू एकच, कार्बन. कसा बसला त्यावर सगळं अवलंबून. आमच्याकडे पुण्याला पोलादाचं एक पिंप आहे. त्यातली हवा ओढून काढतात. आत शुद्ध कार्बनची चकती असते, तिच्यावर लेसरचे ठोके मारतात. प्रत्येक ठोक्याला चकतीतून ठिणगीसारखा झोत उसळतो आणि समोरच्या काचेवर जाऊन बसतो. असे हजारो ठोके मारले की केसाहून कितीतरी पातळ थर तयार होतो.

आता चार गोष्टी बघायच्या. ठोका किती जोराचा. काच चकतीपासून किती लांब. पिंपात हवा कितपत उरली आहे. आणि काच किती गरम. ठोका हलका पडला किंवा हवा जास्त राहिली तर झोत वाटेतच दमतो आणि थर भुसभुशीत होतो. आणि उष्णता तर माझी वैरीणच आहे. काच गरम असली की थर बिघडतो, मऊ आणि काळा होतो, पेन्सिलीच्या शिशासारखा. काच गार ठेवली की तो हिऱ्याच्या जवळ जातो. हे चार आकडे नेमके कुठे जुळतात ते शोधण्यात माझी चार वर्षं गेली, आबा. ते जुळले, आणि त्या जुळलेल्या काचा तुमच्या गव्हाच्या डब्यात आहेत.

थर किती कठीण झाला ते मोजायलाच मी इथे आले आहे, ती मोजणी पुढच्या आठवड्यात सुरू होते. कानाचं मशीन एकदा नारायणगावच्या डॉक्टरांना दाखवा. पप्पांना सांगा, टेम्पो रात्रीचा चालवू नका.

तुमची वृषाली


आळे
६ मे २०२४

चि. वृषालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पिंपाचं समजलं, ठोक्याचं समजलं. गेणूला सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यो थर आमच्या इळ्याला लावून दे की, धार तरी जायची न्हाई." मी म्हणालो, आधी तुझ्या जिभंला लावून घे. त्या दिवशी मी जिंकलो.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला झोपू देत नाही. उष्णता ही वैरीण. तू एप्रिलात गेलेली असतीस तर ठीक होतं, तू मार्चमध्ये गेलीस. आता इथे काय चाललंय ते तुला माहीत नाही. घराचे पत्रे दुपारी तापून कडकड वाजतात. गव्हाचा डबा भिंतीला लागून आहे आणि ती भिंत पश्चिमेची. काल डब्यावर हात ठेवला तर भाकरीच्या तव्याची आठवण झाली. मी डब्याला ओलं पोतं गुंडाळायला निघालो होतो, शीलाने हाकललं. "गव्हाला सोंडं पाडताय का?"

तू हलवू नका म्हणाली होतीस. पण ते म्हणालीस तेव्हा एवढं ऊन नव्हतं. मी काय करावं? फोनवर शीलाकरवी विचारलं तर ती "बरं हाय म्हणती" एवढंच सांगेल, आणि पत्राने विचारून तुझं उत्तर यायला पंधरवडा जातो. तोवर काचा काळ्या पडल्या तर तू मला काय म्हणशील?

मी एक सोय केली आहे. चांगली सोय आहे. आता लिहीत नाही, तू आलीस की दाखवीन. तू काळजी करू नकोस, नीट मोजणी कर.

कानाचं मशीन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, बरं आहे. मग शिट्टी कुठून येते ते काही त्यांनी सांगितलं नाही.

तुझे आबा


इंदूर
१५ मे २०२४

ती. आबांना,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र आज आलं. सोय कसली ते लिहायला हवं होतं. डबा सावलीतल्या भिंतीला सरकवला असेल असं धरून चालते.

थोडी वाईट बातमी आहे. घाबरू नका. मी आणलेल्या काचांची कठीणपणाची मोजणी फार छान आली. इतकी छान की इथल्या मोठ्या सरांना पटेना. त्यांनी थर आडवा कापून बघायला सांगितलं, त्यात काचा संपल्या. आता ते म्हणतात, त्याच आकड्यांवर बनवलेल्या दुसऱ्या काचा आणा आणि पुन्हा मोजून दाखवा, मगच सही करतो. नव्या बनवाव्यात तर पुण्याचा आमचा लेसर गेल्या आठवड्यात बंद पडला. भाग परदेशातून यायचा आहे, दिवाळीपर्यंत आशा नाही. आणि माझी प्रबंध देण्याची मुदत जुलैअखेर संपते. दोनदा वाढवून झाली आहे, तिसऱ्यांदा वाढत नाही.

म्हणजे आता तुमच्याकडची पेटी हाच माझा प्रबंध. बरं झालं, निम्म्या घरी ठेवल्या.

गरमीची चिंता मात्र सोडा. काच गरम नको ती थर बसत असताना, पिंपाच्या आत. एकदा बसला की आळ्याचं ऊन त्याला काही करत नाही. त्याला भीती आहे दमट हवेची. थर जितका कठीण तितका तो आतून ताणलेला असतो, गच्च आवळलेल्या दोरीसारखा. ओलावा कडेने खाली शिरला की काचेवरची त्याची पकड सुटते. म्हणून तर गव्हाचा डबा निवडला. आपल्या घरात त्याच्याइतकी कोरडी जागा दुसरी नाही.

तब्येतीला जपा.

तुमची वृषाली


आळे
२५ मे २०२४

चि. वृषालीस,
आशीर्वाद.

काय लिहू? घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर शीलाला फोनवर विचार. तुझ्या पप्पांना, भरतला, विचारू नकोस. त्याला यातलं काही माहीत नाही. तो तोंड सोडेल आणि आता मला ते सोसणार नाही.

पेटी मी शीतगृहात ठेवली होती.

मंचरचा वली तुला आठवत असेल, कांदा-बटाट्याचा व्यापार करतो तो. त्याचे वडील आणि मी एका शाळेत होतो. आपले पाहुणे सातगाव पठारावर बटाटा लावतात, त्यांचं बेणं मंचरच्या शीतगृहात असतं, तेही वलीच्याच ओळखीने. माझ्या डोक्यात आलं, बटाट्याला मोड येऊ नयेत म्हणून लोक एवढा गारवा विकत घेतात, मग वृषालीच्या काचांना का नको? वलीला म्हणालो. तो हसला, पण नाही म्हणाला नाही. "चाचा, काचंला मोड यायचं भ्याव वाटतंय का?" पेटी घेऊन मी त्याच्या गाडीत बसून गेलो. बेण्याच्या गोण्यांच्या थप्पीवर, पाहुण्यांच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवली. आत पाऊल टाकलं तर मे महिन्यात दात वाजले. मला इतकं समाधान वाटलं, पोरी. रात्री पडल्या पडल्या मला ती गार खोली दिसायची आणि झोप लागायची.

तुझं पत्र आलं तेव्हा शीला घरात नव्हती. दमट हवेपर्यंत वाचलं आणि मला आठवलं, त्या खोलीत फरशी ओली होती. मी त्या दिवशी घसरता घसरता वाचलो होतो. तिथला माणूस म्हणाला होता, "पानी मारावंच लागतं बाबा, न्हाईतर बटाटा सुरकुततोय." ते मी कानाने ऐकलं होतं. मला तेव्हा ऐकू आलं होतं!

त्याच पावली मंचरला गेलो. तर खोली उघडेनात. दुपारी दार उघडलं की गरम हवा शिरते, बेणं खराब होतं, म्हणून माल पहाटेच काढतात. मी म्हणालो, माझी एवढीशी पेटी आहे. गेटवरचा म्हणाला, "आजोबा, येवढीशी असू द्या न्हाईतर ट्रक असू द्या. दार त्येवढंच उघडतं." वलीचा फोन लागेना. मी दाराला हात लावून उभा राहिलो. दार गार होतं. तुझ्या काचा आत माझ्यापासून दहा पावलांवर असतील आणि मला काही करता येत नव्हतं. शेवटी गेटवरच्याने वलीच्या घरी निरोप धाडला आणि सायराबानू, वलीची बायको, येऊन मला घरी घेऊन गेली. "चाचा, उद्या सकाळी ते सोता काढून देतील, आता दोन घास खा." मी तिच्या घरी राहिलो, घास काही गेला नाही.

सकाळी पेटी मिळाली. बाहेर आणल्याबरोबर तिला घाम फुटला. पुसली तर पुन्हा फुटला. झाकणाच्या आतल्या बाजूलाही थेंब दिसत होते.

आता ती माजघरात खुर्चीवर आहे. उघडू नका असं तूच सांगितलं आहेस, म्हणून उघडली नाही. उन्हात ठेवू का? गव्हात ठेवू का? पंख्याखाली ठेवू का? जे करायला जावं त्यानेच बिघडेल असं वाटतं. मी तिच्यासमोर बसून असतो. शीला म्हणते, "अंड्यावर बसल्यावानी काय बसलाय?" पण काल तीही थोडा वेळ शेजारी येऊन बसली.

मला माफ कर असं लिहिणार होतो. पण त्याने काच सुधारत नाही. काय करू तेवढं सांग.

आबा


इंदूर
१ जून २०२४

ती. आबांना,
सा. नमस्कार.

पत्र वाचलं. मी रागावलेली नाही. हे आधी वाचा आणि मग पुढचं वाचा.

चूक माझी आहे. उष्णता वैरीण आहे असं मी लिहिलं आणि कधी ते लिहिलं नाही. आमच्यात सगळ्यांना ते ठाऊक असतं, म्हणून लिहायचं सुचलंच नाही.

काचा गेल्याच असतील असं नाही. थर कितपत चिकटला आहे त्यावर आहे. आईकडून फोटो मागवले, तिने बंद झाकणाचेच पाठवले. मग एक काच काढून पाठव म्हटलं तर म्हणाली, "मामंजी हात लावू द्यायचे न्हाईत. तुजं पत्र आल्याबिगर उघडायची न्हाई म्हणत्यात." आणि पाठवला असता तरी उपयोग नव्हता. असा पातळ थर फोटोत दिसत नाही, आईच्या साडीचे काठ तेवढे दिसतील. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, तुम्हीच बघा.

हे पत्र मिळालं की ऊन असताना पेटी उघडा. काच कडांना धरायची, मधे बोट लावायचं नाही. खिडकीशी तिरकी धरून बघा. सगळीकडे सारखी तपकिरी झाक असेल तर काच चांगली. पण गांडूळ ओल्या मातीतून गेल्यावर उमटते तशी नागमोडी वाट दिसली तर थर तिथे काचेपासून सुटून वर आला आहे. ती काच गेली. उन्हात आणि गव्हात पेटी ठेवू नका. ओलावा आत कोंडेल. झाकण सैल करून माजघरातच राहू द्या.

मला इथून निघता येत नाही. मोजणीच्या यंत्राची वेळ मला वीस तारखेला मिळाली आहे, ती सोडली तर पुढची जुलै उलटल्यावर. माझ्याबरोबर काम करणारा सूरज सतराला पुण्याहून इकडे यायला निघतो. त्याची गाडी आळेफाट्यावरून जाते. काचा चांगल्या असल्या तर त्याच्याकडे द्या. एक जरी धड असली तरी मोजणी होईल. नसल्या तर नसल्या.

बघितल्यावर आईला फोन करायला सांगा. पत्रही टाका.

तुमची वृषाली


आळे
८ जून २०२४

चि. वृषालीस,
आशीर्वाद.

काल संध्याकाळी तुझं पत्र आलं. आज ऊन खिडकीत आल्यावर शीलाला बरोबर घेऊन पेटी उघडली. मी हात साबणाने धुतले, तिनेही धुतले. तिला म्हणालो, तू धर. ती म्हणाली, "तुमीच धरा. माझ्याकडनं पडली तर जलमभर त्येच काढाल." मग मीच धरली.

पहिल्या काचेवर वाटाच वाटा. एकीतून दुसरी फुटलेली. मला वाटलं, काचेवर ओरखडे असतील, पण बोट न लावताही कळत होतं की ते वर आलं आहे. दुसरी तशीच. तिसऱ्या काचेवर काहीच नव्हतं, नुसती पांढरी काच, आणि मी शीलाला म्हणालो, बघ, ही चांगली. तिने पेटीच्या तळाकडे बोट दाखवलं. तिथे तपकिरी पापुद्रे पडले होते, कांद्याच्या वरच्या सालीसारखे, पण इतके पातळ की मी नीट बघायला वाकलो तर माझ्या श्वासाने उडाले. तुझी चार वर्षं माझ्या श्वासाने माजघरात उडाली. मी तोंडावर हात धरला, पण तोवर ते कुठे गेले ते दिसलंच नाही.

मग एक एक पाहत गेलो. सगळ्यांची तीच गत. शीला मधेच म्हणाली, "मामंजी, ऱ्हाऊ द्या आता." पण मी पाहत राहिलो. आणि शेवटून दुसरी काच, कोपऱ्यात सात आकडा लिहिलेली, ती धड आहे. तिरकी धरली, सरळ धरली, शीलाने पाहिली, पुन्हा मी पाहिली. एकसारखी तपकिरी झाक, कुठे वाट नाही. शीला रडायला लागली. मी तिला म्हणालो, रडतेस काय, फोन लाव. तिने फोन लावला. तुझा वाजत राहिला. तू आत असशील, तिथे फोन बाहेर ठेवावा लागतो ते मला माहीत आहे.

इथपर्यंतचं दुपारीच लिहिलं होतं. पाकिटाला गोंद लावायच्या आधी म्हटलं, एकदा सात नंबर पाहून घेऊ.

तिच्या डाव्या कडेला एक वाट आहे. तांदळाच्या दाण्याएवढी. सकाळी नव्हती. शीलाला बोलावलं, तिलाही दिसली. मी म्हणालो, सकाळीही असेल, आपल्या नजरेतून सुटली असेल. ती म्हणाली, "न्हाई. म्या ही कड पाहिली व्हती." काच हळूच ठेवून दिली. चहा घेतला. पुन्हा पाहिलं तर वाट वळण घेऊन पुढे आली आहे. वृषाली, ती पुढे सरकते आहे. बघताना सरकताना दिसत नाही, पण नजर काढून परत आणली की ती पुढे असते.

कालपासून इथली हवा बदलली आहे. दुपारनंतर आभाळ भरून आलं आहे, मीठ ओलं झालं आहे. झाकण सैल ठेव म्हणालीस, ते ओली पेटी वाळावी म्हणून. पण आता बाहेरचीच हवा ओली आहे, तर सैल ठेवू की घट्ट लावू? घट्ट लावलं तर आत राहिलेला ओलावा आतच राहील ना? मी झाकण लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं. पाटबंधारे खात्यात पाटकरी होतो, पाटाचं पाणी सांभाळायचो, तेव्हा पाट फुटला तर मी मातीची पोती लावून रात्रभर पाणी अडवून धरत असे. भरतला विचार, तो लहान होता, त्याने पाहिलं आहे. या वाटेला मी काय लावू? बोट लावता येत नाही, फुंकर मारता येत नाही, श्वाससुद्धा सोडता येत नाही.

सतरा तारखेला अजून अवकाश आहे. सूरजला त्याआधी येता येणार नाही का? मीच काच घेऊन पुण्याला जाऊ का? पण पुण्यात कोणाकडे देऊ? आणि एसटीत हादऱ्याने वाट वाढली तर?

शीलाने संध्याकाळी तीनदा फोन लावला. आधी वाजत होता, आता बंद लागतो. ती म्हणते चार्जिंग संपलं असेल. मला वाटतं तू रागावलीस. रागावू नये असं मी म्हणत नाही. राग मोजणी झाल्यावर काढ, घरी ये आणि माझ्यासमोर उभी राहून काढ, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने काढ. पण आता उत्तर दे. वाट अजून मधोमध गेलेली नाही. उजवीकडची निम्मी काच अजून धड आहे. निम्म्या काचेवर मोजणी होते का तेही मला माहीत नाही.

कंदील लावून हे लिहितो आहे, वीज गेली आहे. पत्र सकाळी पहिल्या टपालात टाकीन. शीला फोन लावत राहील. तू फोन कर, तार होत असती तर म्हणालो असतो तार कर. कोणाकरवी निरोप दे. झाकण उघडं ठेवू की बंद, एवढंच सांग. एकच शब्द पुरे. पण लवकर कळव, बाळ. लवकर कळव.

तुझे आबा